मुरैन्याचा माघ

राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा मी सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. नागपूर मराठी मुलखाबरोबर तिकडं गेलं, आम्ही इकडं हिंदी राज्यात राहिलो, राजधानी भोपाळ झाली. वर्गात नवा नकाशा लागला. त्याच्या पार वरच्या टोकाला बोट ठेवून मी मुलांना सांगे, "हे मुरैना. हेही आता आपलंच." स्वतः मात्र मी इटारसीच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो.

पुढं जबलपूरला मास्तरांचं प्रशिक्षण झालं. तिथं माझ्या खोलीत मुरैन्याकडचा एक मास्तर होता. तो हिंदीत बोले, मी मराठी मिसळलेल्या हिंदीत, आणि आमचं छान जमलं. माघात त्याच्या बहिणीचं लग्न निघालं. त्याचं पत्र आलं, "आना ही पड़ेगा."

मी निघालो. एक शाल, दोन सदरे, अन् संत्र्यांची टोपली. आई म्हणाली, "काऊन रे, रजई नाही नेऊन राहिला?"

"आता एकच राज्य झालं ना आई. थंडी का वेगळी राहीन?"

उत्तरेच्या मैदानात हिवाळा कडक असतो, हा धडा मी दिवाळीनंतरच शिकवला होता. पण तो मुलांसाठी होता.

बसनं पांढुर्ण्याला आलो, तिथून गाडी धरली. मुरैन्याला सकाळी उतरलो तर धुक्यात फलाटाचं दुसरं टोक दिसेना. मित्र घ्यायला आला होता. माझी शाल पाहून तो आधी हसला, मग त्यानं स्वतःची घोंगडी काढून माझ्या अंगावर टाकली. तरी त्याच्या गावी पोचेपर्यंत माझे दात वाजत होते आणि संध्याकाळी सणकून ताप भरला.

लग्नघरात पाहुणा आजारी! मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मित्राची आई मात्र हातातलं काम टाकून आली. तिनं मला शेगडीजवळ बसवलं, सुंठीचा काढा पाजला आणि कापूस भरलेली जाड बंडी अंगात चढवली.

"तुम्हारे यहाँ क्या होता है, बेटा?"

"संतरा. और कपास."

"कपास!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "घर में कपास, और बदन पर यह चादर?"

जमलेल्या बायका खदखदा हसल्या. तापातही मला हसू आलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि पाऊस सुरू झाला. मांडव टपटप गळू लागला. आमच्याकडं माघात पाऊस आला की झाडावरचा उरलासुरला कापूस काळा पडतो, संत्र्याचा बहार झडतो, घरात दोन दिवस कुणी धड बोलत नाही. मी वधूपित्याजवळ गेलो आणि दुखवट्याला गेल्यासारखा म्हणालो, "बहुत बुरा हुआ, काका."

त्यांच्या मुंडाशातून पाणी गळत होतं अन् चेहरा फुलला होता.

"बुरा? अरे मास्टरजी, गेहूँ पर सोना बरस रहा है! बिटिया के पाँव शुभ हैं।"

वऱ्हाडीही भिजत हसत होते. कुणी कुणाला आडोशाला बोलावलं नाही. मीही बंडीवर घोंगडी ओढून त्यांच्यात उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा माघाच्या पावसाचं कौतुक केलं. मनात मात्र धाकधूक, हे ढग आता सातपुडा ओलांडून आमच्याकडं तर जात नाहीत?

गेले नव्हते. घरी आलो तर लख्ख ऊन होतं आणि आई अंगणात वड्या घालत होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "माघातला पाऊस चांगला की वाईट?"

"वाईट!" सगळा वर्ग ओरडला. निम्मी पोरं शेतकऱ्यांची.

मग मी मुरैन्याचं सगळं सांगितलं, ताप आणि बंडीसकट. पुस्तक उघडलंच नाही. लोधीखेड्याहून येणारी एक मुलगी बराच वेळ नकाशाकडं पाहत होती. ती उठून म्हणाली, "गुर्जी, मंग पावसाले कसं मालूम पडते, कोठी पडाव अन् कोठी नाही?"

मी खडू हातात घेऊन फळ्याकडं वळलो, तिचाच प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहिला आणि खाली उत्तरासाठी जागा मोकळी सोडली.