दौलताबादेत सच्छिद्र हृदयाचा प्रयोग

प्रस्तुत लेखकाने पन्नाशीत रंगभूमीवर पदार्पण केले, तेही हृदयाच्या भूमिकेत. आमच्या शेजारच्या सुनंदाताई बालहृदयरोगतज्ज्ञ. जन्मजात हृदयदोषांविषयी गावोगावी पथनाट्य करण्याचा त्यांचा संकल्प होता आणि त्यास आवश्यक तो घेर अख्ख्या सोसायटीत मजपाशीच उपलब्ध होता. लाल मखमली हृदय, मध्यभागी वीतभर छिद्र, छिद्रातून दृग्गोचर होणारे माझे उदर, एवढी शास्त्रीय सामग्री जीपमध्ये कोंबून रविवारी सकाळी आम्ही प्रस्थान ठेवले.

भावी यात्रेकरूंस सूचना. पडेगावमार्गे रस्ता उत्तम. पुढे तटाच्या दरवाजाखालून एकेकच वाहन जाते, तेथे संयम बाळगावा. किल्ला आधी चढावा, भजी नंतर खावीत. आम्ही क्रम उलटा केल्याने निम्म्या वाटेवरच वास्तुनिरीक्षणाच्या मिषाने मी बैठक मारली.

प्रयोग पायथ्याशी, सीताफळवाल्यांच्या रांगेत होता. तेथे फळे विकणाऱ्या सखूबाईंची चार वर्षांची नात टेम्पोतून एकेक फळ टोपलीकडे नेत होती आणि दर खेपेस मध्येच उकिडवी बसत होती.

"आमची बेगम हाय ती," सखूबाई म्हणाल्या. "चार पावलं चालली की दरबार भरिवती."

गिऱ्हाइके हसली. मीही हसलो आणि किलोभर सीताफळे घेतली.

मग हृदय धारण करून मी धीरगंभीर स्वरात निवेदिले की, अशा बालकाचे ओठ निळे पडतात, नखे निळी पडतात आणि खेळता खेळता दम लागून ते उकिडवे बसते. प्रेक्षक माझ्या उदरावर प्रसन्न होते. सखूबाई तेवढ्या हसायच्या थांबल्या.

"म्हंजे आमच्या बेगमवानी?"

सुनंदाताई नाटक सोडून पोरीजवळ गेल्या. बराच वेळ छाती तपासून त्यांनी शांतपणे सांगितले की, हृदयात छिद्र असावे, फुप्फुसाकडची वाट अरुंद असावी. तसे बसल्याने तिला जरा बरे वाटते. शस्त्रक्रियेने गुण येतो, मात्र तपासणी आजच हवी. ओठ निळे दिसतात म्हणून सखूबाईंनी तिची जांभळे बंद केली होती, दृष्टही काढली होती. मुलगा, म्हणजे पोरीचा बाप, वाळूजला कंपनीत, फोन लागेना. त्याला विचारल्याबिगर कसं न्यायचं, हे त्या दोनदा म्हणाल्या. मग पोरीच्या ओठांकडे पाहून तराजू शेजारणीच्या हाती दिला आणि जीपमध्ये बसल्या. पडेगावात फोन लागला. बाप वाळूजहून परस्पर दवाखान्यात पोचला.

जीपमध्ये हृदयास व मला जागा उरली नाही. एसटीत वाहकाने मखमलीकडे बोट दाखवले.

"काका, ह्याचं तिकीट?"

"लहान मुलाचं आहे," मी म्हणालो. त्याने छिद्रातून माझ्याकडे पाहिले आणि पुढे गेला.

शस्त्रक्रिया यथासांग पार पडली. यंदाच्या हंगामात सखूबाई सीताफळांची पाटी आणि बेगमेसह आमच्या घरी आल्या. आमच्या इमारतीस उद्वाहन नाही. स्वागतार्थ मी खाली उतरलो, पाटी उचलली आणि तिघे वर निघालो. बेगम धावत तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि कठड्यावरून वाकून माझी वाट पाहू लागली.

दुसऱ्या मजल्यावर दरबार मी भरवला.