मोजणारा आधी उतरतो

“मी तं आठच मोजलते.”

हे वाक्य भाऊराव दोनदा बोलला. एकदा पोलिसांपुढे, एकदा धाकट्या भावाच्या बायकोपुढे. दीपमाला तेव्हा भाकरी थापत होती. हातातली भाकरी तिने पुरी केली, मग चूल विझवली.

अमडापूरचा भाऊराव विहिरी खोदणारा. खडकात भोकं पाडून सुरुंग भरायचे, वाती पेटवून वर यायचं आणि काठापासून लांब बसून आवाज मोजायचे. वाती लहानमोठ्या असतात, म्हणून सुरुंग एकामागून एक उडतात. एखादा आवाज कमी पडला तर त्या दिवशी कोणी उतरत नाही. सगळे झाले, तर ज्याने मोजले तोच आधी उतरतो.

त्या दिवशी भाऊरावने मोजले होते. पण त्याच्या टाचेत काटा मोडला होता. “तू बस दादा, मीच जातो,” म्हणून धाकटा अश्वजित उतरला. विहिरीच्या भिंतीवरून परतलेला एक आवाज भाऊरावच्या मोजणीत आला होता. आठवा सुरुंग खालीच होता.

त्याला अकरा वर्षं झाली. भाऊराव आता क्रेनवर बसतो, दगड वर ओढतो. आवाज मोजत नाही. निदान कोणाला सांगत नाही.

यंदा जानेफळजवळच्या एका विहिरीवर ठेकेदार माणिकरावने एक यंत्र भाड्याने आणलं. पट्ट्यांवर चालणारं, एक कॅमेरा, एक हात. चालवायला करिष्मा नावाची इंजिनिअर. स्फोटानंतर माणसांच्या आधी ते उतरणार होतं.

दुपारी आठ सुरुंग लावले. धूर वर आला.

“झाले आठ,” माणिकराव म्हणाला.

“सात,” क्रेनवरून भाऊराव म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

“तू काऊन मोजून राह्यला बे?” माणिकराव हसला. “सात असो का सतरा, आपल्याले थोडंच उतरायचं हाय? सोड मशीन.”

“काका, नक्की सात?” करिष्माने विचारलं.

भाऊरावने दांडा ओढला. यंत्र त्याच्याच हाताने हळूहळू खाली गेलं.

पडद्यावर ओले दगड दिसले. यंत्राच्या हाताने एक उचलला, दुसरा उचलला. तिसऱ्याला पडदा काळा झाला आणि पायाखालची जमीन हलली.

वर ओढलं तेव्हा यंत्राला हात नव्हता. दोन तारा लोंबत होत्या.

“हातच गेला का वं! नवा कधी येईल मॅडम?”

“चार दिवसांत.”

“मंग काय, चार दिवस सुट्टी!” माणिकरावने भाऊरावकडे बघून टाळी वाजवली. “मानलं लेका तुले. बराबर सात! आता रोज तूच मोजत जाय.”

भाऊरावने क्रेन बंद केली. खाली उतरला. तुटलेल्या यंत्राजवळ थोडा थांबला, लोंबत्या तारा उचलून त्याच्या पाठीवर नीट ठेवल्या. चपला घातल्या.

“अबे, कुठी चालला?”

तो शेताच्या धुऱ्यावरून रस्त्याकडे चालत गेला.