दाजीसाहेबांची दृष्ट

नाव: श्री. वसंत लक्ष्मण पांढरीपांडे. मूळ गाव: वर्धा. हल्ली मुक्काम: इंद्रपुरी, भोपाळ. व्यवसाय: कारखान्याच्या भांडार विभागातून सन्मानपूर्वक सेवानिवृत्त. वर्ण: गव्हाळ. प्रकृती: वयोमानानुसार. कुटुंब: पत्नी एक, पुत्र एक, स्नुषा एक, सर्व एकत्र व सुखी. कलाविषयक कार्य: मंडळाच्या गणेशोत्सवी नाटकात सातत्याने एकच भूमिका. सदर कलावंताने खलनायकाची भूमिका आयुष्यभर निष्ठेने वठवली, परंतु ती कधीही रंगमंचाच्या पायरीखाली उतरू दिली नाही, असे मंडळ याद्वारे प्रमाणित करते.

हा मजकूर मंडळाचे चिटणीस गिरीश खेर्डेकर यांचा. गिरीशभाऊंची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली, त्यामुळे लग्नाच्या पत्रिकेतही ते ‘उपरोक्त वधू’ लिहायचे. सन्मानपत्राचा मसुदा त्यांनी वसंतरावांकडे तपासायला पाठवला. वसंतरावांनी चष्मा लावून तो वाचला, ‘सर्व एकत्र व सुखी’पाशी जरा थांबले, मग पुढे वाचला. दुरुस्ती काही सुचवली नाही. वरच्या मजकुरातली स्नुषा, म्हणजे प्राजक्ता, घर सोडून गेली त्याला तेव्हा पंधरवडा झाला होता.

भूमिका दाजीसाहेबांची. ‘सुखी घराचा पत्ता’ हे नाटक कारखान्यातल्याच एका फोरमनने लिहिलेलं. त्यात प्रभाकर नावाचा आदर्श मास्तर आहे आणि दाजीसाहेब नावाचा सासरा. प्रभाकर म्हणजे गुणांचं कोठार. तो खोटं बोलत नाही, चहासुद्धा पीत नाही, आणि पहिल्या अंकाच्या शेवटी परक्या मुलाबरोबर सिनेमाला गेली म्हणून बहिणीच्या थोबाडीत मारतो. त्या थोबाडीत मारण्यावर टाळ्या पडायच्या. पुढच्या रांगेतल्या बायकाही वाजवायच्या. दाजीसाहेब मात्र कुणावर हात उचलत नाहीत. आवाजही चढवत नाहीत. दुसऱ्या अंकात सून दाराकडे निघते, तेव्हा ते सुपारी कातरत, वर न बघता, मायेने म्हणावं तसं म्हणतात, “दार उघडंच आहे, सूनबाई. जा की. फक्त बाहेर नाव काय सांगशील, तेवढं ठरवून जा.”

यावर मांडवात हुर्यो उडायची. कुणी शेंगांची टरफलं फेकायचं. दुसऱ्या दिवशी पिपलानीच्या बाजारात बायका वसंतरावांकडे पाठ फिरवून भाजी घ्यायच्या. एकीने तर तोंडावर सांगितलं, “तुमच्या घरी सून येऊच नये हो, बापा.” वसंतरावांनी ते घरी येऊन सुलभाताईंना कौतुकाने ऐकवलं. पुरस्कार आणखी कसा असतो?

पण नाटक संपल्यावर त्यांना लगेच घरी जाता यायचं नाही. मंडळाची एक रीत होती, आणि अख्ख्या भोपाळात ती दुसऱ्या कुठल्या मंडळात नव्हती. सुशीलाताई नावाच्या मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाई पडद्यामागे येऊन खलनायकाची दृष्ट काढायच्या. नायकाची नव्हे, नायकाला काय धाड भरलीय, असं त्यांचं मत. वसंतरावांना रंगासकट खुर्चीत बसवायचं, मीठ-मोहरी ओवाळायची आणि विचारायचं, “कोण रे तू?” त्यांनी म्हणायचं, “मी वसंत.” हे तीनदा. आवाज स्वतःचा लागला नाही, तर पुन्हा. एका वर्षी त्या काही केल्या उठू देईनात. “खालच्या पट्टीत बोलून राहिला अजून. हा वसंत नाही,” म्हणाल्या आणि मिठाची दुसरी मूठ मागवली. सगळे हसले. वसंतरावही हसले, आणि ते हसणं ऐकून सुशीलाताईंनी तिसरी मूठ मागवली.

सुशीलाताई गेल्या, तेव्हा समितीच्या बैठकीत गिरीशभाऊंनी ठराव मांडला की सदर प्रथा अंधश्रद्धामूलक असल्याने बंद करण्यात यावी. पडद्यामागच्या त्या जागेत सेल्फी काढायला फुलांची कमान करायचं ठरलं. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे वसंतरावांचाही हात वर होता. ते सुधारक विचारांचे होते.

त्या वर्षापासून ते रंग पुसून थेट घरी येऊ लागले.

आधी काही जाणवलं नाही. मग एका सकाळी दाढी करताना त्यांनी सहज, गंमत म्हणून, आरशाला सांगितलं, “मी वसंत.” आवाज खालच्या पट्टीतला आला. त्यांनी खाकरून पुन्हा म्हटलं. पुन्हा तसाच. सर्दी असेल. पुढे भर दुपारी घरात अडकित्त्याचा आवाज यायला लागला. घरात सुपारी कुणी खात नाही आणि अडकित्ता मंडळाच्या पेटीत कुलुपात असतो. “शेजारी काही दुरुस्तीचं काम चाललंय का गं?” त्यांनी सुलभाताईंना विचारलं. “मला तर लग्नापासून ऐकू येतं,” त्या म्हणाल्या आणि पोळी उलटली. सुलभाताईंची थट्टा कुठे संपते हे वसंतरावांना कधीच नीट कळलं नव्हतं.

इकडे जग बदललं होतं. मांडवात नवी पिढी बसायला लागली आणि प्रभाकरची थोबाडीत पडताच मागून ‘शेम, शेम’ ऐकू आलं. प्रभाकर गांगरला, पुढचं वाक्यच विसरला. आणि दुसऱ्या अंकात दाजीसाहेबांनी सुपारी हातात घेतली, तर शिट्ट्या! वाक्य त्यांच्याआधी प्रेक्षकांनीच म्हटलं. कुणीतरी त्याचं रील केलं. बस स्टॉपवर पोरं एकमेकांना ‘दरवाज़ा खुला है, बहूरानी’ म्हणू लागली. वसंतरावांनी पुढच्या वर्षी दाजीसाहेब आणखी काळा रंगवला, सुनेकडे बघण्यात विष आणलं. शिट्ट्या वाढल्या. ज्याची आयुष्यभर छी-थू व्हावी म्हणून मेहनत घेतली, त्याच्याबरोबर लोक आता फोटो काढत होते.

“बरोबरच आहे बाबा,” प्राजक्ता जेवताना म्हणाली होती. ती उज्जैनची, शाळेत गणित शिकवणारी. तिला समीकरणाच्या दोन्ही बाजू बघायची सवय. “तुमचा हीरो सरळ हात उचलतो. आणि त्यावर बायका टाळ्या वाजवायच्या म्हणे! त्यापेक्षा दाजीसाहेब बरे, असं पोरांना वाटणारच.”

“आणि तुला?” वसंतरावांनी विचारलं.

“मला तर तोच जास्त डेंजर वाटतो. प्रभाकरची तक्रार तरी करता येते. याची काय करणार? काय म्हणून?”

“अरे वा, मॅडमनी पेपर तपासला,” हर्षल म्हणाला. हर्षल मंडीदीपच्या एका औषध कंपनीत. चांगला मुलगा, बोलायला गोड. प्राजक्ता ताट उचलून उठली तेव्हा तो वर न बघता म्हणाला, “दार उघडंच आहे, सूनबाई.” टायमिंग अचूक. सगळे हसले, प्राजक्ताही. वसंतरावांना अभिमान वाटला, आणि अभिमानाच्या मागोमाग मानेवर काहीतरी थंड फिरल्यासारखं वाटलं.

थट्टा मग रोजची झाली. प्राजक्ता मैत्रिणीकडे निघाली की वाक्य. शाळेच्या सहलीला निघाली की वाक्य. हळूहळू हसणारे कमी झाले, वाक्य तेवढंच राहिलं. आणि एका रविवारी, तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती उज्जैनला जायला बॅग भरून बाहेर आली, तेव्हा हर्षलने ते पूर्ण म्हटलं. हळू. मायेने म्हणावं तसं. “जा की. फक्त बाहेर नाव काय सांगशील, तेवढं ठरवून जा.”

वसंतराव तिथेच सोफ्यावर होते. प्राजक्ताने त्यांच्याकडे बघितलं. समोर टीव्हीवर क्रिकेट चालू होतं.

ती उज्जैनला गेली, आईचं ऑपरेशन करून आली आणि अशोका गार्डनला, रेल्वेलाइनच्या बाजूला, एका शिक्षिकेबरोबर खोली घेऊन राहिली. हर्षल चकित झाला. “मी कधी हात उगारलाय का? आवाज तरी चढवलाय का? विचारा तिला!” ते खरंच होतं. त्याच्यावर ठेवायला आरोप सापडेना.

मसुदा आला त्या दिवशी वसंतराव स्वयंपाकघरात गेले आणि जरा चाचरत म्हणाले, “सुलभा, सुशीलाताई काढायच्या तशी दृष्ट तुला काढता येते का?”

“तुमची?”

“हर्षलची.”

सुलभाताईंनी मोहरीचा डबा खाली घेतला, झाकण उघडलं, आणि पुन्हा लावलं. “अहो, ती सोंग उतरवायला असते. त्याच्या अंगावर सोंग कुठाय?”

“मग हे त्याच्यात आलं कुठून?”

“विचारता मला?” त्या हसल्या नाहीत. “तीस वर्षं दर पावसाळ्यात ह्या घरात तालीम झाली. सूनबाईची वाक्यं कोण म्हणायचं? मीच. तुम्ही झोपाळ्यावर, मी दाराशी. पोरगं आतल्या खोलीत अभ्यास करायचं. दाराला फट होती. तालीम संपली म्हणून तुम्ही त्याला कधी सांगितलंत?” मग डबा फळीवर ठेवता ठेवता, “मला तरी कुठे सांगितलंत.”

वसंतरावांनी ठरवलं की मुलाला खडसवायचं. बापाने खडसवावं तसं, मोठ्या आवाजात, वेळ पडली तर प्रभाकरसारखं. संध्याकाळी हर्षल आला. वसंतरावांनी त्याला समोर उभं केलं, छाती भरून श्वास घेतला, आणि तोंडून निघालं ते असं, हळू, शेवटची अक्षरं लांबवत, “बेटा, तुला मी अडवत नाही. तुला वागायचं तसं वाग. फक्त लोकांना उद्या काय सांगशील, तेवढं ठरव.”

 हर्षलने टाळी वाजवली. “क्या बात है, बाबा. एकदम ओरिजिनल. मला तो ‘फक्त’ अजून जमत नाही.”

वसंतरावांनी तोंड मिटलं. आणखी बोलले असते, तर तेही त्याच आवाजात आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते बसने अशोका गार्डनला गेले. प्राजक्ताने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. बाजूने मालगाडी जात होती. ती संपेपर्यंत वसंतराव पाणी प्याले. मग वसंतरावांनी घरी चल म्हटलं. हर्षल वाईट नाही, हेही म्हटलं.

“नाहीच आहे,” ती म्हणाली. “मला भीती त्याची नाही वाटली, बाबा. त्या दिवशी तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात ना, तेव्हा वाटली.”

वसंतरावांना हे आठवत नव्हतं. रिमोट हातात होता, एवढं आठवत होतं.

“मी काय करू, तू सांग,” ते म्हणाले. आवाज जरा त्यांचा वाटला.

“मंडळात तुमचा सत्कार आहे ना. सगळे ते वाक्य मागणार. म्हणू नका. बस, इतकंच. सगळ्यांसमोर एकदा म्हणू नका. मग मी घरी येऊन हर्षलशी बोलेन. तुम्ही शेजारी बसा.”

“एवढंच?”

“करून बघा,” प्राजक्ता म्हणाली.

सत्काराच्या दिवशी मांडव गच्च होता. वसंतराव कोसा सिल्कचा कुर्ता घालून व्यासपीठावर बसले. पहिल्या रांगेत सुलभाताई, त्यांच्या शेजारी हर्षल. वसंतरावांचं ठरलं होतं. माइकपाशी जायचं, ‘मी वसंत पांढरीपांडे, आपला आभारी आहे’ म्हणायचं, खाली बसायचं. घरी त्यांनी हे वाक्य इतक्यांदा घोकलं होतं, की सुलभाताईंनी विचारलं, “ह्याची पण तालीम?”

गिरीशभाऊंनी सन्मानपत्र वाचलं. ‘स्नुषा एक’ला कुणीतरी खोकलं. ‘पायरीखाली उतरू दिली नाही’ला टाळ्या पडल्या. शाल झाली, नारळ झाला. मग मागून सुरू झालं, “दार! दार! दार!” पोरं, त्यांचे आईबाप, पूर्वी भाजीच्या गाड्याशी पाठ फिरवणाऱ्या बायका, सगळे. गिरीशभाऊ कानाशी येऊन म्हणाले, “वसंतभाऊ, म्हणून टाका. पब्लिक को वही चाहिए.”

वसंतराव माइकपाशी गेले. मांडव शांत झाला, अगदी अडकित्ता ऐकू यावा इतका. ते म्हणाले, “मी.”

पुढचं नाव काही केल्या येईना. ओठांवर होतं, पण आतून कुणी ढकलत नव्हतं. समोर शेकडो माणसं तोंड अर्धवट उघडून थांबलेली, आपल्याच माणसाची वाट बघावी तशी. सुलभाताई मांडीवरच्या पर्सकडे बघत होत्या. हर्षलने मोबाइल वर धरला होता.

मान आपोआप खाली गेली. बोटं सुपारी धरल्यासारखी जुळली. त्यांनी वाक्य म्हटलं, पूर्ण, वर न बघता. इतकं सुरेख त्यांनी ते आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

चित्रीकरण स्वच्छ आलं. हर्षलने ते तिथूनच प्राजक्ताला पाठवलं.