पंचमीचा नागोबा आणि फिकट भिंत

उणकलचं आमचं घर परत रंगवायला काढलंय, आणि ओल्या रंगाच्या वासानं मला या घरातली पहिली पंचमी आठवली. स्वयंपाकघराच्या रंगावरून तेव्हा मी आणि सासूबाई दोघीही अडून बसलो होतो. मला फिकट पिवळसर हवा होता, त्यांना सप्तापूरच्या भाड्याच्या घरात होता तसा गडद हिरवा. "अंधार होतो हो त्यानं," मी म्हणायचे. शेवटी "दे की तुझ्या मनासारखा," म्हणून त्यांनी विषय सोडला. श्रावणात नागपंचमीला त्यांनी तांदळाची पिठी कालवली, भिंतीवर बोटानं नागोबा काढला, आणि फिकट भिंतीवर तो पांढरा नागोबा दिसेचना. गडद रंगाचा हट्ट कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं. "आधी सांगायचं नाही का हो?" मी रडवेली झाले. त्यांनी शांतपणे कुंकू कालवलं आणि त्याच रेघांवरून बोट फिरवलं. लालभडक नागोबा फणा काढून उभा राहिला. "बघ की, सप्तापुरात कधी असा उठून दिसला नव्हता," म्हणत त्या लांब सरून बघत राहिल्या. आता पंचमीला ते बोट माझं असतं. लेकीला यंदा स्वयंपाकघर गडद निळं हवंय. मी तिला म्हटलं, बाकीच्या भिंती हव्या तशा रंगव, ही एवढी फिकटच राहू दे. आपला नागोबा कुंकवाचा असतो.