शेठचा बंद डबा

पाड्यावरच्या माझ्या शाळेकडे जाणारी जीप भरेपर्यंत मी रोज तळोद्यात एका हार्डवेअरच्या दुकानापुढे थांबतो. दुकानात खिशाला टेस्टर अडकवलेले म्हातारे मारवाडी शेठ बसतात. नाव मी कधी विचारलं नाही.

वर डोंगरात टॉवरची रेंज नाही, म्हणून आयटीआय झालेल्या मुली वायफायचे डबे जोडून छपरांवर बसवतात. एका पाड्याचा निरोप त्यातून दुसऱ्या पाड्यावर जातो. सामान शेठ फुकट देतात, जोडणीही शिकवतात. अट एकच, पुढच्या पाड्यावर कुणाला तरी शिकवायचं.

आमच्याकडे मंदिरातल्या पंख्यावरही देणाऱ्याचं नाव रंगवतात. एकीने तसंच शेठचं नाव डब्यावर लिहिलं. त्यांनी ते थिनरने पुसलं.

"मन्हं नाव दिखनं, तं बिघडनं का मालेच बलावतीन."

परवा आपल्याशिवाय चालतं का हे बघायला त्यांनी वरच्या डब्यांना जोडलेला, दुकानाच्या छपरावरचा स्वतःचा डबा मुद्दाम बंद केला. वर निरोप चालूच राहिले. आज सकाळी त्यांनी कधी न पाहिलेली एक मुलगी स्क्रूड्रायव्हर घेऊन डोंगरातून आलेल्या जीपमधून उतरली.

"शेठ, वर आमच्या डब्यावर तुमचा डबा बंद दिसतोय. दुरुस्त करून देते."

शेठ उठून रस्त्यावरच आले आणि आम्हा सगळ्यांना हसत ओरडून म्हणाले, "देखा, देखा! मन्हा डबा दुरुस्त कराले पोर उनी!"