नेसरीच्या चढावरचं पासिंग

धोंडीराम कांबळेची जीप तेरा वर्षांत एकदाही पासिंगला नापास झाली नव्हती. ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस नेसरीच्या स्टँडवर सापडला, तर तो खुशाल परगावचा समजावा. धोंडीराम नेसरी ते गडहिंग्लज वडाप करायचा, म्हणजे सीटभाड्यानं माणसं न्यायचा-आणायचा. सगळ्या जीपा नंबराला लागायच्या, पुढची भरून गेली की मागचीची पाळी. पाळी येईपर्यंत वेळ जायचा आणि तेवढ्या वेळात गाडीत बसलेल्या पॅसेंजरला पासिंगची कथा ऐकावी लागायची. उतरून जायची सोय नव्हती, कारण सीट जायची.

जीप होतीच तशी देखणी. पुढच्या काचेवर 'जय भीम', मागच्या काचेवर लेकीचं नाव 'दीक्षा', आणि सीटवर चिखलाचा पाय पडला तर मालकाची बोलणी पदरात. बारा जूनला पासिंगची मुदत संपायची. त्याआधी आठवडाभर हा गडी गाडीखालीच मुक्कामाला असायचा. मग कोल्हापूरला आरटीओच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहायचा, आणि साहेबानं कागदावर सही केली की गावभर पेढे.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि वडाप बंद झालं. जीप घराच्या कडेला उभी राहिली. धोंडीरामला स्वस्थ बसणं माहीत नव्हतं. दर रविवारी तो पाइप लावून जीप धुवायचा, टपापासून चाकांपर्यंत. मग पुसायची, हँडब्रेक दणकून ओढायचा आणि वर ताडपत्री टाकायची. असे अकरा रविवार गेले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उदयसिंह मोबाईल नाचवत आला. त्याचीही वडापची जीप होती, धोंडीरामच्या जीपचीच कंपनी, तेच मॉडेल. फक्त तिचं इंजिन मार्चपासून गडहिंग्लजच्या गॅरेजात उघडून पडलेलं आणि बिनइंजिनाची जीप घरच्या गोठ्यात.

"धोंडीरामदा, पासिंगची कटकट गेली बघा! मुदत संपलेलं कागद सप्टेंबरपतोर चालत्यात. गाडीखाली झोपायचं काम न्हाय औंदा."

धोंडीरामला आनंद व्हायला हवा होता. त्याला रागच आला.

"मुदत कागदाला दिल्या. ब्रेकला कुणी दिलीया?"

"आता काय करताय मग?"

"बारा तारखेला पासिंग. हितंच, गावाभाईरच्या चढावर. बगायला ये."

हे नुसतं अंगातलं वारं नव्हतं. गावातल्या बायडाबाई देसाईंच्या दोन्ही किडन्या मे महिन्यात निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा गडहिंग्लजला डायलिसिस. एक पाळी चुकली की पाय सुजायचे, दुसरी चुकली की श्वास पुरायचा नाही. अँब्युलन्स कोरोनाच्या पेशंटमागं पळत होती, मुलगा पुण्यात अडकलेला. मिळेल त्या गाडीनं जाऊन पाळ्या चुकायला लागल्या, तेव्हा त्याच आठवड्यात बायडाबाई काठी टेकत धोंडीरामच्या दारात आल्या आणि विनंतीबिनंती काही न करता म्हणाल्या, "ह्या शनवारपासनं तू न्यायचंस." धोंडीरामनं हो म्हटलं. त्यांना तो आक्का म्हणायचा, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

शुक्रवारी, बारा तारखेला, चढावर खुर्ची टाकून बाळासो मिस्त्री बसले. एसटी डेपोत तीस वर्षं फिटर म्हणून राबून रिटायर झालेला हा माणूस. सख्खा मेव्हणा ड्रायव्हर असलेली बस त्यांनी एकदा लोंबत्या सायलेन्सरपायी डेपोतून सोडली नव्हती, आणि बायको त्यावरून अजून बोलायची. धोंडीरामनं परीक्षक म्हणून मुद्दाम त्यांनाच बोलावलं. गावात बघायला दुसरं काही नव्हतंच, त्यामुळं मास्क हनुवटीला अडकवून पन्नासभर माणसं बांधावर लांब लांब उभी राहिली.

लाइट पास. हॉर्न पास. वायपर, स्टेअरिंग, पायाचा ब्रेक पास. धोंडीरामची मान प्रत्येक वेळी एकेक बोट वर चढत होती. शेवटी पॅसेंजरच्या वजनाची खताची पोती मागं रचली. जीप चढाच्या मध्यावर नेली, मागच्या चाकापासून हातभर अंतरावर मोठा दगड ठेवला. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढला. धोंडीरामनं पाय काढला आणि हसत लोकांकडं बघितलं.

जीप मागं सरकली. सावकाश सरकली आणि दगडावर जाऊन धप्पकन बसली.

बांधावर पहिला हसला तो उदयसिंह. मग सगळेच हसले. बाळासो हसले नाहीत. ते उठले, खिशातला खडू काढला आणि ड्रायव्हरच्या दारावर मोठ्या अक्षरांत 'नापास' लिहिलं. धरणीनं पोटात घेतलं असतं तर धोंडीराम आनंदानं गेला असता.

पोती उतरवली, हँडब्रेक धरतो ती मागची चाकं काढली, ब्रेकचे ड्रम खोलले. आतला लायनर, म्हणजे घासून चाक धरणारं ब्रेकचं अस्तर, पट्टीवरून सुटून ड्रमलाच चिकटला होता.

"धुतलीस कितींदा?" बाळासोंनी विचारलं.

"दर ऐतवारी."

"आन् वल्ल्या चाकानं हँडब्रेक वडून ठिवलास. तीन म्हयनं. गंज धरला, लायनर चिकाटला. आज गाडी काढताना काट करून आवाज आला न्हाय?"

आला होता. चाकाखाली खडा फुटला असेल म्हणून धोंडीरामनं तो कानाआड केला होता. दुसऱ्या कुणाच्या गाडीचा असता तर पन्नास पावलांवरून ओळखला असता.

तोवर बायडाबाई येऊन पोचल्या. लोकांनी त्यांना सांगितलं आणि त्यांच्या वतीनं निकालही देऊन टाकला: कागद सप्टेंबरपर्यंत चालतोय, पोलीस अडवणार नाही, पायाचा ब्रेक लागतोय, मग घोडं अडलं कुठं? धोंडीरामनं नव्या लायनरसाठी गडहिंग्लजच्या दुकानदाराला फोन लावला. त्याची पेठ कोरोनामुळं सील होती, सोमवारपर्यंत शटर उघडणार नव्हतं. उद्याची पाळी डोळ्यांपुढं उभी होती. धोंडीरामनं एकदा दारावरच्या खडूकडं बघितलं, एकदा बायडाबाईंच्या सुजलेल्या पायांकडं.

"आक्का, हिच्यात तुमाला बसीवणार न्हाय मी," तो म्हणाला.

मग उदयसिंह पुढं आला. हसणं केव्हाच गेलं होतं.

"माज्या गाडीचं लायनर बगा की मिस्त्री. तीन म्हयनं पाणी लावल्यालं न्हाय, हँडब्रेकबी वडल्याला न्हाय. चाकाला दगूड लावला आन् घरात जाऊन झोपलो."

गोठ्यातल्या त्या धुळीनं माखलेल्या जीपचे ड्रम उघडले. आतले लायनर कोरडे आणि शाबूत होते. बाळासोंनी ते डोळ्यांजवळ धरून बघितले आणि म्हणाले, "तीस वर्षांत पयल्यांदा आळशी माणसाचं पाय धराव वाटतंय."

ऊन कलायच्या आत तिघांनी मिळून ते पट्ट्यांसकट धोंडीरामच्या जीपला बसवले. हँडब्रेकची तार आवळली. जीप पुन्हा चढाच्या मध्यावर आली, दगड जागेवर ठेवला. माणसं पोती उचलायला वाकली, तर बायडाबाई मागचं दार उघडून आत चढू लागल्या.

"आक्का, उतरा! आदी पोत्यावर बगू द्या."

"पोत्याला कुटं डायलिसिसला जायाचंय? जायाचं मला हाय. माज्यासंगं चढवा काय चढवायचं त्ये."

त्यांच्यापुढं कुणाचं चाललं नाही. उरलेल्या जागेत पोती रचली. धोंडीरामनं हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, खाली उतरला. तो जीपच्या मागं गेला आणि दगडाच्या अलीकडं, चाकामागच्या त्या हातभर जागेत पाय रोवून उभा राहिला.

"येडा झालास काय!" बाळासो ओरडले.

"त्यांनी आत बसायचं आन् मी बाजूला व्हय? बगा तुमी."

बाळासोंनी चंची सोडली. तंबाखू घेतली, चुना लावला, मळली, झाडली आणि ओठांत ठेवली. तेवढा वेळ मागच्या काचेतून बायडाबाई धोंडीरामकडं बघत होत्या आणि तो चाकाकडं. चाक तसूभरही हललं नाही. बाळासोंनी हाताच्या तळव्यानं दारावरचं 'ना' पुसलं आणि खुर्ची उचलून घरची वाट धरली.

"सकाळी किती वाजता येतूस?" बायडाबाईंनी आतूनच विचारलं.

"सहाला."

पुढं सप्टेंबरची मुदत डिसेंबरपर्यंत गेली, मग मार्च, मग जून, आणि शेवटी दोन हजार एकवीसचा ऑक्टोबर उजाडला. दर मुदतवाढीला बाळासोंची खुर्ची चढावर लागायची. दुसऱ्या खेपेपासून उदयसिंहनंही इंजिन आणि नवे लायनर बसवून तिथं आपली जीप नंबराला लावली. धोंडीरामनं चाकं धुणं सोडलं नाही, पण धुतल्यावर कोसभर फिरवून ती सुकवायची आणि दगड लावून ठेवायची, हा धडा घेतला. शनिवार-मंगळवारची बायडाबाईंची एकही पाळी चुकली नाही.

नोव्हेंबरात तो कोल्हापूरला जाऊन खरं पासिंग करून आला. इस्त्रीचा शर्ट तसाच अंगावर, हातात कागद आणि पेढ्याचा पुडा, असा थेट बायडाबाईंच्या दारात उभा राहिला.

"आक्का, गाडी पास झाली!"

बायडाबाईंनी पेढा घेतला. कागदाकडं बघायला चष्मासुद्धा लावला नाही.

"मी दीड वर्साखालीच केलीया पास," त्या म्हणाल्या. "उद्या शनवार हाय. सहालाच न्हवं?"