कुत्र्याचं पान

“काकू, हर्निया आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मी टेबलाची कड घट्ट धरली. हा शब्द आमच्या घरात दुसऱ्यांदा येत होता.

पहिल्यांदा आला तो माझ्या नवऱ्यासाठी. लालबागच्या माणसाची सगळी कामं गणपती झाल्यावर! हेही म्हणाले, “गणपती होऊ दे, मग बघू.” विसर्जनाआधीच गाठीत आतडं अडकलं आणि हे गेले.

आता पिंट्याची पाळी. ह्यांनीच चाळीत आणलेला कुत्रा. त्याला इंग्वायनल हर्निया झाला होता, म्हणजे जांघेतल्या फटीतून आतडं कातडीखाली उतरलं होतं. लॅपरोस्कोपी ठरली. त्यात मोठा काप घेत नाहीत, बारीक छिद्रांतून कॅमेरा घालून फट आतून शिवतात. भूल द्यायची म्हणून आदल्या रात्रीपासून अन्न बंद.

ऑपरेशन दुपारी होतं आणि नेमकी त्याच दिवशी पितृपक्षातली ह्यांची तिथी.

“काही खायला दिलं नाही ना?” परळच्या दवाखान्यात मॅडमनी विचारलं.

“छे हो, एक घाससुद्धा नाही.”

त्यांनी पिंट्याचं तोंड उघडलं. दाताला वड्याचा तुकडा चिकटला होता. “मग हे काय?”

मी खोटं बोलले नव्हते. श्राद्धाला कावळ्याचं, गाईचं आणि कुत्र्याचं पान काढतात. कुत्र्याचं पान दरवर्षीसारखं मी पिंट्यापुढे ठेवलं होतं. माझ्या लेखी ते पिंट्याला दिलंच नव्हतं, ह्यांना दिलं होतं.

“भुलीत उलटी झाली तर हे फुप्फुसात जाईल. आता उद्या सकाळीच,” मॅडम म्हणाल्या. “दर दोन तासांनी गाठ हलकेच चाचपा. मऊ असेल तर ठीक. कडक झाली, उलट्या झाल्या, तर तसेच घेऊन या.”

पुन्हा पुढे ढकललं, आणि या वेळी माझ्यामुळे. दोन तास कुठले, मी दर पाच मिनिटांनी चाचपत होते. भिंतीवर ह्यांचा फोटो होता. तिकडे मान वर करायची माझी हिंमत झाली नाही.

गाठ मऊच राहिली. सकाळी ऑपरेशन झालं, तीन ठिकाणी छोटे टाके. थोड्याच दिवसांत पिंट्या चाळीचा जिना चढला. मॅडमचे उपकार कसे फेडू?

तुमच्यावर ही वेळ आली तर उपाशी म्हणजे उपाशी, कुणाच्याच नावाने घास देऊ नका. आणि गाठ हाताने बघत राहा.

ह्यांची गाठ मी दोन महिने नुसती डोळ्यांनी पाहिली. एकदाही हात लावून विचारलं नाही, दुखतंय का म्हणून.